हेस्टरची जीभ

शेफील्डची ट्राम हिल्सबरोच्या वळणावर कलली, दांडीला धरून उभ्या असलेल्या मुलीची बाही कोपराकडे घसरली, आणि एनिड स्टॅनिफोर्थला त्या हातावर आपण काढलेला चेहरा दिसला. आधी तो नुसता ओळखीचा वाटला. रस्त्यात कुणी भेटावं, नाव आठवू नये आणि तरीही आपण हसावं, तशी ती त्या गोंदणाकडे बघून जवळजवळ हसलीच. मग ते हसू ओठांवरच थांबलं. मोतीबिंदू काढल्यापासून तिला सगळंच जरा जास्त दिसत असे. स्वयंपाकघरातल्या भिंतीचा रंग पिवळट आहे हेही तिला गेल्या महिन्यातच कळलं होतं. त्यामुळे डोळ्यांवर विश्वास न ठेवायला काही कारण नव्हतं. वाऱ्याने मागे उडालेले केस, त्यांतल्या रेघा उजवीकडून डावीकडे बारीक होत गेलेल्या, कारण काढणारीचा हात डावखुरा होता. कानाजवळ मुद्दाम कोरा सोडलेला पांढरा पट्टा. किंचित वर उचललेली हनुवटी. ही हेस्टर होती. मुलींच्या एका साप्ताहिकातल्या चित्रकथेत एनिडने हिला दोन-अडीच वर्षं काढलं होतं, दर आठवड्याला, वॉकलीच्या चढावरच्या घरात, मागच्या खोलीत, पायाशी विजेची शेगडी घेऊन. त्या गोष्टीला आता चाळीसहून जास्त वर्षं झाली होती. पण हसू थांबलं ते त्यामुळे नव्हे. हेस्टरचं तोंड उघडं होतं.

छापलेल्या चित्रात ते मिटलेलं होतं. एनिडला हे पक्कं ठाऊक होतं, जसं माणसाला आपल्या घराचा कुठला जिना करकरतो हे ठाऊक असतं. तिने उघडं काढून पाठवलं होतं आणि लंडनच्या कचेरीत कुणीतरी ते मिटवलं होतं. म्हणजे हे गोंदण साप्ताहिकावरून काढलेलं नव्हतं. ते मूळ कागदावरून काढलेलं होतं. आणि मूळ कागद कुठेच नव्हते. साप्ताहिकं बंद पडली तेव्हा चित्रांचे गठ्ठेच्या गठ्ठे कचऱ्याच्या गाडीत गेले, असं तिने ऐकलं होतं. कुणी म्हणे, तळघरात पाणी शिरलं तेव्हा दाराच्या फटीत बोळे म्हणून कोंबले. तिने त्यावर कधी अश्रू गाळले नव्हते. काम होतं, केलं, पाठवलं. पण हे एक पान कुठेतरी शिल्लक राहिलं होतं, आणि या मुलीने ते पाहिलं होतं. एनिडच्या मांडीवर पिशवीत लीकच्या भाजीच्या काड्या आणि मांस भरलेली एक पाई होती. ती पिशवी तशीच छातीशी धरून ती उठली, पुढच्या थांब्याला उतरायचं असूनही दाराकडे न जाता मुलीच्या शेजारी जाऊन उभी राहिली, आणि तिचा हात निरखू लागली, बाजारात मासळी निरखावी तसा.

तोंड बरोबर होतं. वरचा ओठ, खालचा ओठ, मधली काळी जागा. फक्त जीभ नव्हती. गोंदणाऱ्याने गाळली असणार. सुईने एवढं बारीक जमत नसेल, असं एनिडच्या मनात आलं, आणि त्याच क्षणी तिची स्वतःची जीभ तोंडात वर उचलली जाऊन पुढच्या दातांच्या मागे टेकली. नेल. तिच्या आईचं नाव नेली, पण बफिंगच्या कारखान्यातल्या बाया तिला नेल म्हणायच्या. अॅटरक्लिफच्या त्या कारखान्यात आईने चौदाव्या वर्षापासून चमचे-काटे चाकावर धरून चकचकीत केले होते. डोक्याला लाल फडकं, अंगाला तपकिरी कागद गुंडाळलेला, आणि चाकांचा असा आवाज की शेजारणीने कानात ओरडलं तरी ऐकू येऊ नये. त्या बाया ओठांनीच बोलत. शब्द तोंडात मोठे करून, ओठ ताणून, जीभ दाखवून. खोलीच्या या टोकावरून त्या टोकाला एकमेकींच्या नवऱ्यांची उणीदुणी काढत, आणि मुकादमाला पत्ता नसे. चाळिशीत आईचे कान गेले. मग घरातही तीच बोली चालू झाली. एनिड लहानपणापासून तोंडं वाचायला आणि तोंडं बोलायला शिकली. पुढे चित्रं काढू लागली तेव्हा ती टेबलावर एक आरसा ठेवी, आधी स्वतः तो शब्द ओठांनी म्हणे, आणि मगच तोंड काढी. तिच्या मुली नुसत्या तोंड उघडत नसत, त्या खरंच काहीतरी म्हणत असत. हे कुणालाही माहीत नव्हतं. आईला तेवढं माहीत होतं.

"आजी, बसायचंय का?" मुलीने विचारलं. "जागा आहे तिकडे."

"नको. हे कुठून आणलंस?"

"काय?"

"हातावरचं."

मुलीने हात वळवून पाहिला, जणू हा प्रश्न तिलाच नवा होता. पंचविशीची असेल. अंगात कुठल्याशा दवाखान्याचा निळा सदरा, केस मागे घट्ट बांधलेले. "हे? माझ्या आ- आ-" ती अडली, डोळे मिटले, श्वास घेतला आणि पुन्हा सुरू केलं, "आजोबांकडे एक जुनं चित्र आहे. त्याच्यावरून."

"ते मी काढलंय."

"हो का?" मुलगी हसली. म्हाताऱ्या बायकांशी हसतात तसं, गोड आणि जरा मोठ्याने. "मस्तच की."

"तुझा विश्वास बसला नाही."

"तसं नाही हो. पण इंटरनेटवर एकजण म्हणाला, हे कुठल्या इटालियन माणसाचं आहे म्हणून. फार मोठा होता म्हणे."

"मी इटालियन नाही," एनिड म्हणाली. "मी वॉकलीची आहे. तुझ्या आजोबांकडच्या कागदावर हिच्या पायाशी कुत्रा आहे. तो पाठमोरा बसलाय. त्याचा एक कान उलटा दुमडलेला आहे, आतली बाजू वर. आणि मागे कालव्याचं फाटक."

मुलीने दांडी सोडली. ट्रामने हिसका दिला तेव्हा तिने एनिडचाच खांदा धरला. "कुत्रा कोपरावर बसत नव्हता," ती हळूच म्हणाली. "म्हणून काढला नाही. अगं बाई. तुम्ही खरंच-"

तिचं नाव कीली. इस्पितळात रक्त काढायच्या विभागात होती. शेवटच्या थांब्यापर्यंत दोघी एकमेकींना प्रश्न विचारत बसल्या, आणि दोघींनाही एकमेकींच्या उत्तरांपेक्षा आपलाच पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटत होता. कीलीचे आजोबा, सिड ट्रँटर, लंडनला एका साप्ताहिकाच्या कचेरीत होते. आता लेकीजवळ म्हणून चेस्टरफील्डला राहत होते. ते तिथे काय करत, हे कीलीला नीट सांगता येईना. "ते म्हणतात, मी दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करायचो." एनिडच्या हातातली पिशवी जराशी खाली आली. तर मग हाच तो. इतकी वर्षं त्याला तिने चेहरा दिला नव्हता, नाव दिलं नव्हतं. पांढऱ्या रंगाची बाटली आणि ब्लेड घेतलेला एक हात, एवढंच. संपादक पॉम्फ्रेट फोनवर म्हणायचे, 'आमच्याकडचा मुलगा जरा सारखं करून घेतो.' मुलगा! त्या मुलाने तिच्या किती पोरींची तोंडं शिवली होती देव जाणे.

त्या आठवड्यात एनिडने फारसं काही केलं नाही. म्हणजे केलं सगळंच. धुणं टाकलं, शेजारच्या मिसेस गॅस्कॉइनची मांजर सांभाळली, बुधवारी नेहमीसारखी मासे आणि बटाट्याचे तळलेले काप आणले. पण मन मागच्या खोलीत होतं, जिथे आता इस्त्रीचं टेबल आणि जुने पडदे होते. आपण त्या खोलीत नक्की काय करत होतो हा प्रश्न तिने आजवर स्वतःला विचारला नव्हता. सुरुवात कात्र्यांपासून झाली. शाळा सुटल्यावर सुऱ्या-कात्र्या बनवणाऱ्या एका कंपनीच्या सूचिपत्रासाठी ती चित्रं काढी. कात्री उघडी, कात्री बंद, कात्रीचा स्क्रू. पोलादावरची चमक कागदावर कशी आणायची, तर चमक काढायचीच नाही, तिच्या भोवतीचा अंधार काढायचा, हे ती तिथे शिकली. संध्याकाळी कलाशाळेत जाई. तिथल्या एका शिक्षकाने तिची चित्रं लंडनच्या एका एजंटकडे पाठवली आणि एजंटने विचारलं, मुली काढता येतील का? रडणाऱ्या? एनिड म्हणाली, येतील. मग अनाथ मुली आल्या, आंधळ्या झालेल्या नर्तिका आल्या, दुष्ट मावश्या आल्या, घोडे आले. घोडे तिला जमत नसत; ती त्यांना गवतात, कुंपणामागे, धुक्यात उभे करी. एकदा मुलांच्या साप्ताहिकात फुटबॉलची गोष्ट मिळाली, तेव्हा नवरा क्लिफ स्वयंपाकघरात खुर्चीला लाथा मारत तिच्यासमोर उभा राहायचा, आणि ती त्याचे गुडघे काढायची. वाचणाऱ्या पोरांनी म्हणे कळवलं होतं, या चित्रकाराला खेळ कळतो. क्लिफला त्याचा कोण अभिमान. पोलाद कारखान्यातल्या दोस्तांना तो सांगे, ते पाय माझे आहेत.

सही करायची नाही, हा नियम होता. पहिल्यांदा तिने कोपऱ्यात ई. एस. असं घातलं, ते छापून आलं तेव्हा तिथे गवताच्या दोन काड्या होत्या. छान काढलेल्या. ती चिडली नाही, तिला मजाच वाटली. मग ती मुद्दाम नावाची अक्षरं विटांच्या भिंतीत, झाडाच्या सालीत, दुष्ट मावशीच्या शालीच्या नक्षीत लपवी, आणि तो अनोळखी हात ती शोधून काढी. हा एक खेळ होता आणि तो तिला आवडायचा, हे आता तिला कितीतरी वर्षांनी आठवलं. तोंडांचं मात्र तिला कधी आवडलं नाही. ती 'ओ' म्हणणारी मुलगी पाठवी, छापून येई ती ओठ मिटलेली. ती हाक मारणारी पाठवी, येई ती खिन्न. चित्रात शब्दांचा फुगा असे, म्हणजे ती बोलते आहे हे वाचणाऱ्याला कळेच, पण तोंड मिटलेलंच. जणू सगळ्या इंग्लंडातल्या पोरी पोटातून बोलत होत्या. दर शुक्रवारी आई अंक घेई, चष्मा पुसून चौकट चौकट बघे आणि एनिडकडे वळून ओठांनी म्हणे, तुझ्या पोरी मुक्या आहेत गं. एनिड हसून टाळी. आई आजारी पडली त्या हिवाळ्यात हेस्टरची गोष्ट ऐन रंगात होती. कालव्यावर फाटक राखणाऱ्या आत्याकडे राहणारी पोर, आणि तिला सोडून बोटीतून निघून जाणारी आई. भागाच्या शेवटच्या चौकटीसाठी लंडनहून एवढंच लिहून आलं होतं: हेस्टर पाहत राहते. एनिडने आरशासमोर बसून एक नाव म्हटलं. नेल. जीभ दातांमागे. हेस्टर आपल्या आईला एनिडच्या आईच्या नावाने हाक मारते आहे आणि ती हाक छपाईतून, पोस्टातून, न्हाणीघराशेजारच्या आईच्या खाटेपर्यंत जाईल, आणि जिला वाचता येतं ती एकटी वाचेल. अंक आला. आईने खूप वेळ चित्र पाहिलं. मग ओठांनी विचारलं, काय झालं गं हिला, रुसली का? फेब्रुवारीत आई गेली.

हे एनिडने कुणाला सांगितलं नाही. क्लिफलाही नाही. पुढे साप्ताहिकं एकमेकांत विलीन होत गेली. दर वेळी पहिल्या पानावर मोठ्या आनंदाची बातमी म्हणून छापत, आणि दर वेळी एक गोष्ट कमी होई. काम स्पेनला, इटलीला जाऊ लागलं. शेवटी एनिड स्वेटरच्या विणीचे नमुने काढत होती, आणि मग दवाखान्यांतली पत्रकं: मधुमेहात पाय कसे पाहावेत. पायही ती चांगलेच काढत असे. निवृत्त झाली तेव्हा टाक आणि ब्रश धर्मादाय दुकानात देऊन आली. दुःख नव्हतं. फक्त त्या एका तोंडाचं काहीतरी मनात खुपत राहिलं होतं, जुन्या बुटात खिळा वर यावा तसं; चालता येतं, पण पाऊल जरा तिरकं पडतं. आणि आता कुणाच्या तरी घरात ते तोंड उघडं होतं. तिला जायचं होतं ते भांडायला की बघायला, हे तिचं तिलाच कळेना. रविवारी कीलीच्या छोट्या गाडीत बसताना तिला जाणवलं की आपल्याला भांडायचं नाहीच. आपल्याला फक्त जीभ बघायची आहे.

चेस्टरफील्डला जाताना कीली म्हणाली, "लहानपणी मी खूप अडखळायचे. आता काहीच नाही तुम्ही बघताय ते. तेव्हा एकेका शब्दाला घाम फुटायचा. आजोबांकडे जिन्यात हे चित्र टांगलेलं असायचं. मला वाटायचं, हिलाही माझ्यासारखंच होतंय. आता बोलेल, आता बोलेल. मी तिच्यासमोर जिन्यात बसून वाट बघायचे."

"ती हाक मारते आहे," एनिड म्हणाली.

"हो का?" कीलीने रस्त्यावरची नजर हलवली नाही. "मला तसं कधी वाटलं नाही."

सिड ट्रँटर नव्वदीला टेकलेला, वाळकुडा, गळ्यात व्यवस्थित टाय बांधलेला माणूस होता. दारातच त्याने एनिडला खालून वर पाहिलं. "ही?" तो नातीला म्हणाला. "ही शेफील्ड?"

"आजोबा, नीट बोला."

"नीटच बोलतोय. आम्ही पार्सलावरच्या शिक्क्यावरून ओळखायचो सगळ्यांना. एक बोर्नमथ होता, तो कायम उशिरा. एक बार्सिलोना. आणि एक शेफील्ड. ई. स्टॅनिफोर्थ. मी तर एडवर्ड समजत होतो. या बाईसाहेब, बसा. तुमचं पार्सल आलं ना, की मी ब्लेड बदलायचो."

"मला ठाऊक आहे," एनिड म्हणाली. "तुम्ही माझ्या पोरींची तोंडं बंद केलीत."

"सगळ्यांचीच केली. पण तुमच्या फार आ वासायच्या."

"का पण?"

तिला वाटलं होतं हा प्रश्न आपण रागाने विचारू. तो आला तो लहान मुलाने विचारावा तसा. सिडने चहाचा कप खाली ठेवला, उठून कपाटातून एक पिवळा पडलेला जुना अंक काढला आणि तिच्या मांडीवर उघडून ठेवला. "हे बघा. हे माझ्या हाताखालून निसटलेलं." एका चौकटीत मुलगी ओरडत होती. तिच्या तोंडाच्या जागी काळा डाग होता. "कागद कसला असायचा तो? टीपकागद. शाई पसरायची. तुम्ही तिकडे बसून जीभ काढा, दात काढा, पडजीभ काढा. छापून आलं की भोक! पोरगी बोलतेय की तिचे पुढचे दात पडलेत, काही कळायचं नाही. मग वाचणाऱ्या पोरींची पत्रं यायची, हिला काय रोग झालाय म्हणून. पॉम्फ्रेट म्हणाले, सिड, तोंडं मीट. मिटली."

एनिड त्या काळ्या डागाकडे बघत राहिली. एवढंच? इतकी वर्षं तिने त्यामागे कितीतरी कारणं कल्पिली होती. मुलींनी बोलू नये असं त्या लोकांना वाटत असेल. आपलं काम त्यांना ओबडधोबड वाटत असेल. कधी रात्री जाग आली तर याहून वाईटही. आणि कारण होतं कागदाचं. तिला हसूही आलं आणि कुणीतरी हातातली जड वस्तू अचानक काढून घेतल्यावर हात आपोआप वर जातो तसं काहीतरी आतल्या आत वर गेलं. ते सुखाचं नव्हतं.

"मला कुणी सांगितलं का नाही?" ती म्हणाली. "मी वेगळं काढलं असतं."

"तुम्ही विचारलंत का कधी?"

तिने विचारलं नव्हतं. फोन उचलून एकदाही विचारलं नव्हतं.

कीलीने जिन्यातून चित्र आणलं आणि फ्रेमच्या मागच्या खिट्ट्या काढून कागद टेबलावर ठेवला. एनिडला वाटलं होतं त्यापेक्षा तो मोठा होता. आपण एवढं मोठं काढत होतो हे ती विसरली होती. कडेला निळ्या पेन्सिलीच्या खुणा, कोपऱ्यात कपाचा गोल डाग, आणि खाली ती शेवटची चौकट. कालवा, फाटक, कुत्रा. "या कुत्र्यासाठी घरी आणलं मी," सिड म्हणाला. "आमची लेक तेव्हा कुत्र्यासाठी हटून बसली होती. म्हटलं, हा घे, हा भुंकत पण नाही. तोंडावर मी मिटलेल्या ओठांचा कागद चिकटवला होता, तो तुकडा बरीच वर्षं टिकला. रबराचा गोंद हो, वाळला की सोडतो. ही जन्मायच्या आधी घर बदललं तेव्हा गळून पडला आणि खाली तुमचं निघालं." एनिड ऐकत होती आणि ऐकत नव्हती. ती वाकली. हेस्टरच्या ओठांभोवती गोंदाचा पिवळा चौकोन उमटला होता, आणि त्या चौकोनात तिचं तोंड होतं. वरचा ओठ, खालचा ओठ, मधली काळी जागा. जीभ नव्हती.

तिने चष्मा काढून पुन्हा घातला. कागद खिडकीशी नेला. मग सिडकडे वळली. "तुम्ही जीभ खरवडलीत."

"कुणाची?"

"हिची. इथे जीभ होती. वर टेकलेली. ब्लेडने काढली असणार तुम्ही, मग वरून तुकडा लावलात."

"तुकडा लावायचा तर खरवडू कशाला? दोनदा काम?" सिड पुढे आला. "आणि खरवडलं ना, की कागदाला लव उठते. कितीही घोटा, बोटाला लागते. फिरवा बोट. फिरवा, काही होत नाही."

एनिडने डाव्या हाताचं बोट हेस्टरच्या तोंडावरून फिरवलं. शाई गुळगुळीत होती. दवाखान्यात दाक्तर पोट दाबतो आणि तिथे दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून माणूस घाबरतो, तशी ती घाबरली. तिने पुन्हा बोट फिरवलं. आरसा होता, शेगडी होती, नाव म्हटलं होतं, जीभ दातांमागे टेकली होती. ते तिला आत्ता या क्षणीही तोंडात जाणवत होतं. मग कागदावर ती गेली कुठे? की नाव नंतर म्हटलं होतं? आई विचारत होती, रुसली का, आणि त्यानंतर कधीतरी, दफनाच्या नंतर, पुढच्या हिवाळ्यात, भांडी घासताना, आपणच हेस्टरच्या तोंडात ती जीभ हळूहळू घातली का? चाळीस वर्षं रोज थोडी थोडी. ती टेबलाशी बसली. तिने, का ते न कळून, हेस्टरसारखी हनुवटी वर उचलली आणि ओठ तेवढेच, त्याच मापाने उघडले. आवाज नाही आला. नुसती हवा आत गेली, गार, घशापर्यंत. तिने ओठ मिटले आणि पुन्हा उघडले. पुन्हा हवाच. या तोंडातून काही बाहेर येत नव्हतं, येणारच नव्हतं. हे तोंड आत ओढत होतं.

"ती श्वास घेते आहे," एनिड म्हणाली.

"तेच तर," कीली म्हणाली. तिने हात टेबलावर ठेवला होता. "बोलायच्या आधीचा. मी काय म्ह- म्हणत होते?"

म्हणजे हाक मारली गेलीच नव्हती, आणि म्हणून ती कुणी दाबलीही नव्हती. आईने उघडं तोंड पाहिलं असतं तरी तिला तिथे नाव दिसलं नसतं. कदाचित ती म्हणाली असती, आता बोलेल बघ ही. कदाचित नसती. एनिडला रडू येईल असं वाटलं, पण आली ती निराळीच गोष्ट, बऱ्याच वर्षांत न आलेली, आणि ती ओळखायला तिला थोडा वेळ लागला. तिला जाणून घ्यायचं होतं. ही पोर श्वास घेऊन पुढे काय म्हणणार आहे? भागाचा शेवट होता. पुढचा भाग तिनेच काढला असणार, पण त्यातली पहिली चौकट तिला आठवेना. कालवा आठवेना, बोट आठवेना, काहीच नाही.

"पुढच्या अंकात काय होतं?" तिने सिडला विचारलं.

"मला काय माहीत? मी गोष्टी नाही वाचल्या कधी. मी तोंडं बघायचो."

"आणि तो अंक?"

"माझ्याकडे नाही. कुणाकडेच नसेल." सिडने टाय सरळ केला आणि तिच्याकडे तिरकं पाहिलं. "काय म्हणेल असं वाटतं?"

एनिड टेबलावरच्या त्या चौकटीच्या उजव्या कडेकडे बघत होती, जिथे कागद संपत होता. तिथून पुढे पॉलिश केलेलं लाकूड होतं, रिकामं, खिडकीतला उजेड पडलेलं. हेस्टर तोंड वळवेल का? की मान खाली घालेल आणि कुत्र्याशीच बोलेल? कुत्र्याशी बोलेल. आईला कशाला, ती तर गेली. समोर आहे तो कुत्रा. मग चेहरा वरून दिसेल, केस पुढे येतील, आणि तोंड-

"कागद आहे का घरात?" ती म्हणाली. "आणि पेन्सिल. मऊ असली तर बरं."

कीली उठायच्या आत सिड उठला होता. तो शेजारच्या खोलीत गेला, खण ओढल्याचा, काहीतरी पडल्याचा, त्याने स्वतःशीच शिवी हासडल्याचा आवाज आला, आणि मग तो एक कोरा जाड कागद आणि दोन पेन्सिली घेऊन परत आला. कागद त्याने तिच्यासमोर ठेवला. एक पेन्सिल तिला दिली. दुसरी स्वतःकडे ठेवून तो शेजारी खुर्ची ओढून बसला.

"बाकी सगळं तुम्ही काढा," तो म्हणाला. "तोंड मी काढणार."

"काढून तर बघा," एनिड म्हणाली, आणि डाव्या हाताने कुत्र्याच्या कानापासून सुरुवात केली.